बंड्याचं नाक आणि आम्ही चौघं

लिफ्टमधे रोज कुणीतरी विचारतंच, "चावतो का हो हा?" आणि मी रोज सांगतो, नाही हो काका, चावत नाही, पण हातातली पिशवी तेवढी वर धरा. काका हसतात, पिशवी काही वर धरत नाहीत, आणि तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत बंड्याचं डोकं पिशवीत आणि बाकीचा बंड्या बाहेर असा आमचा प्रवास होतो. एकदा एका काकूंचं पाव किलो पनीर असंच गेलं, मी धावत जाऊन नवीन आणून दिलं, तर काकू म्हणाल्या असू दे हो, लहान आहे. लहान कसला, चार वर्षांचा होता तेव्हा! तोंडच तसं आहे त्याचं. त्या तोंडावर आख्खी सोसायटी फसते, आम्हीपण फसलो.

बंड्या म्हणजे आमचा बीगल. आता सहा वर्षांचा आहे. पांढरा-काळा-तपकिरी, लोंबते कान, शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. ओळखीतले बरेच जण विचारत असतात की बीगल घ्यावा का, फ्लॅटमधे राहतो का, ऐकतो का, म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहून टाकू. मी काही ट्रेनर नाहीये, बँकेत नोकरी करतो, जे काही शिकलो ते आधी चुकून मग शिकलो.

पहिली चूक आणतानाच केली. पिल्लू आणलं तेव्हा ते जेमतेम चाळीस दिवसांचं होतं. आपल्याकडे २०१७ चे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विकणाऱ्याला माहीत असावं पण तो सांगेल कशाला. "लवकर न्या साहेब, लवकर लळा लागतो" म्हणाला. लळा लागला, पण चावरेपणाही आला, कारण किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं हे पिल्लू आपल्या भावंडांशी मारामाऱ्या करून शिकतं आणि नेमक्या त्या दिवसांत आम्ही त्याला उचलून आणलं. मग ते शिक्षण माझ्या मुलीच्या पायांवर झालं. दोन महिने ती घरात गुडघ्यापर्यंत मोजे घालून फिरत होती, एप्रिल महिन्यात.

आईचा तर मुळातच विरोध होता. म्हणजे कुत्र्याला नाही, "असल्या" कुत्र्याला. आमचं गाव लातूरकडचं, तिथे माझ्या चुलत आजोबांकडे कारवानी होता, उंच, सडपातळ, बरगड्या दिसणारा, लांब तोंडाचा. ससा दिसला की बाण सुटल्यासारखा जायचा म्हणे. आईच्या डोक्यात कुत्रं म्हणजे ते. आणि मी आणला हा बुटका, पोट सुटलेला, कान जमिनीला लागतात असा प्राणी. आईने पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर पोळीचा तुकडा टाकला. तुकडा त्याच्या नाकापासून वीतभर लांब, स्वच्छ फरशीवर, आपल्याला लांबून दिसतोय, आणि हा गोल गोल फिरून हुंगतोय. आई म्हणाली, "अरे हे आंधळं आहे का काय? बदलून आण."

तेव्हा हसलो सगळे, पण खरं तर तिने पहिल्याच दिवशी मुद्द्याची गोष्ट पकडली होती. कारवानी डोळ्यांनी शिकार करतो, बीगल नाकाने. याला वस्तू दिसत नाही असं नाही, पण त्याच्या मते जोपर्यंत नाकाने खात्री होत नाही तोपर्यंत ती वस्तू तिथे आहे याला पुरावा नाही. नाव मात्र आईनेच ठेवलं. बंड्या. मुलीला ऑस्कर हवं होतं.

आता ट्रेनिंग. पहिले चार-पाच महिने आम्ही जे केलं त्याला ट्रेनिंग म्हणणं म्हणजे जरा जास्तच होईल. एक ट्रेनर लावला होता, आठवड्यातून तीनदा यायचा, तो असताना बंड्या एकदम आदर्श विद्यार्थी, कारण त्याच्या खिशात चिकनचे तुकडे असायचे. तो गेला की पाटी कोरी. मग ट्रेनर म्हणाला हा हट्टी आहे, याला चोक चेन घाला, मी घातलीसुद्धा, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. गळा आवळून खोकत खोकत तो वासाच्या मागे जातच राहिला. म्हणजे तुम्ही विचार करा, श्वास कोंडतोय तरी थांबत नाहीये, मग हा हट्टीपणा कसा असेल? चौथ्या दिवशी मी ती चेन फेकून दिली आणि छातीवरून येणारा हार्नेस आणला.

मग जरा वाचायला लागलो. इंग्लंडमधे हे कुत्रे सशांच्या शिकारीसाठी पाळायचे, एकेकटे नाही, कळपाने, आणि शिकारी घोड्यावर नाही तर पायी मागून चालत यायचे. म्हणजे कुत्रे पुढे कुठेतरी लांब शेतात, माणूस मागे धापा टाकतोय, आणि कुत्र्यांनी स्वतःच ठरवायचं की वास कुठे गेला, तुटला तर परत कसा शोधायचा, सापडला की मोठ्याने ओरडून मागच्यांना सांगायचं. ती पांढरी शेपटी पण त्यासाठीच, उंच गवतात कुत्रा दिसला नाही तरी टोक दिसतं. इंग्लंड आणि वेल्समधे २००४ च्या कायद्याने तशी शिकार बंद झाली, पण शेकडो वर्षं ज्याला "मागे वळून मालकाकडे बघू नको, वास सोडू नको" म्हणून निवडून निवडून वाढवलंय त्याने कर्वे रोडच्या फुटपाथवर माझ्याकडे वळून बघावं अशी माझी अपेक्षा होती. जर्मन शेफर्ड तुमच्या तोंडाकडे बघत बसतो की साहेब पुढचं काम काय. बीगलला काम आधीच माहीत असतं, साहेबाची गरज नसते.

आणि ते नाक म्हणजे खरंच वेगळी मशीन आहे. आपण श्वास सोडतो तो ज्या वाटेने आत घेतला त्याच वाटेने सरळ बाहेर, त्यामुळे समोरचा वास उडून जातो. कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात, सोडलेली हवा तिथून बाजूला जाते, म्हणून तो सलग हुंगत राहू शकतो, सेकंदाला चार-पाच वेळा. जमिनीजवळ कान लावून ऐकलं ना तर शिलाई मशीनसारखा आवाज येतो. हे कळल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, तो जीभ काढून धापा टाकत असेल तेव्हा नीट हुंगता येत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी तो अचानक शहाणा वाटतो, ते शहाणपण नसतं. दुसरी, ओल असली की वास जमिनीलगत जास्त टिकतो. पहिला पाऊस पडून गेल्यावरची सकाळ म्हणजे त्याच्यासाठी दिवाळी अंक आलाय, सगळा एका बैठकीत वाचायचाय. त्या दिवशी मी काहीही शिकवायला जात नाही. गुपचूप पट्टा धरून मागे चालतो.

भाषेचा एक घोळ सांगतो, मराठी घरात होणारच. आम्ही "बस" शिकवलं. बसायला लागला छान. मग लक्षात आलं की घरात कुणी "बास!" म्हणलं तरी हा बसतो. आई भाजी वाढताना "बास बास" म्हणते, हा बसतो. बायको मुलीला "बास झालं आता तो मोबाईल" म्हणून ओरडते, मुलगी ढिम्म, बंड्या बसतो. आणि बसल्यावर खाऊ मिळायला पाहिजे हे त्याला पक्कं माहीत, मग तो खाऊ मागत भुंकतो, मग त्याला परत "बास". शेवटी बसायला आम्ही "खाली" केलं. शब्द कुठलाही चालतो हो, फक्त चौघांनी एकच वापरायचा आणि "बास"सारखा उठसूट ओरडला जाणारा नको. आमच्याकडे चार माणसं चार भाषा चालू होत्या, आई "बैस रे बाळा", मुलगी "सिट", मी "बस", बायको नुसतं डोळे वटारून.

बोलावल्यावर परत येणं हे बीगलच्या बाबतीत सगळ्यात अवघड, आणि मी आधीच सांगतो, शंभर टक्के कधीच जमत नाही. आमचं घरात आणि सोसायटीच्या बागेत जमतं, रस्त्यावर मी त्याच्या भरवशावर नाही. नाव घेऊन बोलवायचो आधी, पण नाव दिवसातून दोनशे वेळा घेतलं जातं, "बंड्या नको", "बंड्या उतर", "बंड्या ते काय आहे तोंडात", त्या नावाला काय किंमत राहणार. मग एक शिट्टी आणली, साधी पीटीच्या सरांची असते तशी. शिट्टी वाजली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि तो फक्त शिट्टीलाच, एरवी कधीही नाही. आधी घरात दोन फुटांवरून, मग खोलीतून, मग जिन्यात, मग बागेत दहा मीटरचा लांब दोर बांधून. शिट्टी वाजवून कधीही आंघोळीला न्यायचं नाही, कानात औषध घालायचं नाही, खेळ संपवून घरी आणायचं नाही. एकदा बायकोने शिट्टी वाजवून त्याला धरून नखं कापली, पुढचे पंधरा दिवस तो शिट्टी ऐकून सोफ्याखाली जायचा. परत पहिल्यापासून.

ओढण्याचं मात्र जे सुटलं ते एका साध्या गोष्टीने सुटलं. मी खाऊ देऊन शेजारी चालायला शिकवत होतो तेव्हा वीस पावलं चालायचा, मग झाडाचा बुंधा दिसला की संपलं. मग उलटं केलं. पट्टा सैल ठेवून दहा पावलं चाललास तर बक्षीस म्हणून तो बुंधा. मी "जा हुंग" म्हणतो आणि आम्ही दोघं बुंध्यापाशी जातो, आणि त्याला पाहिजे तेवढा वेळ. पट्टा ताणला की मी खांबासारखा उभा. पहिला आठवडा आम्ही बिल्डिंगच्या गेटच्या पुढे गेलो नाही, वॉचमन विचारायचा साहेब काही हरवलंय का. पण झालं. ज्याच्यासाठी तो ओढत होता तेच ओढलं नाही तर मिळतं हे त्याच्या डोक्यात बसलं, आणि माझ्या डोक्यात हे बसलं की फिरायला जाणं म्हणजे किती किलोमीटर झाले हे नाही. घड्याळात पावलं मोजायची असतील तर एकट्याने जा.

आता टेकडीचा किस्सा, जो मी बरेच दिवस कुणाला सांगत नव्हतो कारण चूक सगळी माझी. तो तीन वर्षांचा होता, श्रावणातला रविवार, वेताळ टेकडी हिरवीगार, ऊन-पाऊस चाललेला, आणि मला त्याचा पट्टा न दिसणारा फोटो हवा होता. बस्स. दोर सोडला, मोबाईल काढला, तेवढ्यात घाणेरीच्या झुडपातून काहीतरी सरसर गेलं, मुंगूस असावं, आणि बंड्याने तो आवाज काढला. भुंकणं नाही, ऊऊऊ करून लांब गळा काढून, जो घरात कधी काढत नाही. आणि गेला. टेकडीवर मोर आहेत, बाकी प्राणीपक्षी आहेत, कुत्रं मोकळं सोडणं तिथे मुळातच चूक आहे हे मला माहीत होतं आणि तरी सोडला. मी शिट्टी फुंकून फुंकून लाल झालो, नावाने ओरडलो, चिखलात धावलो, आपटलो. आवाज लांब लांब जात पाषाणच्या बाजूला गेला आणि मग ऐकूच येईना.

रोज टेकडीवर येणारे एक काका होते, नाव माहीत नाही, पांढरी टोपी. ते म्हणाले, "अहो, तुम्ही धावताय कशाला? तुम्ही जितके फिराल तितका तुमचा वास सगळीकडे होईल आणि तो येडा होईल. जिथून सुटला तिथे जाऊन थांबा. अंगातला शर्ट काढून खाली टाका." मला वाटलं चेष्टा करतायत. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून टी-शर्ट काढला, घामाने चिंब होताच, वाटेवर टाकला, आणि रविवारी सकाळी अख्ख्या पुण्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर उघडाबंब बसून राहिलो. ओळखीची चार माणसं भेटली. बायको सोसायटीतल्या दोघांना घेऊन पाषाणच्या बाजूने शोधायला गेली. दीड तास गेला, दोन गेले, पाऊस येऊन गेला. अडीच तासांनी वाटेच्या वळणावर आधी पांढरं शेपटीचं टोक दिसलं. नाक जमिनीला लावून, सकाळी आम्ही दोघं ज्या वाटेने आलो होतो बरोबर त्याच वाटेने, वळणाला वळण घेत, एका ठिकाणी मी बूट बांधायला दगडावर बसलो होतो तो दगडपण हुंगून, तो आला. मी हात पसरून बसलेलो, पाच फुटांवर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ टी-शर्टपाशी गेला, दोनदा हुंगला, त्यावर बसला, मग मान वर करून इकडे तिकडे बघितलं आणि मी दिसल्यावर इतका आनंद झाला त्याला की अंगावर चढून रडायलाच लागला. मीपण, पण पाऊस होता म्हणून कळलं नाही कुणाला.

त्या दिवसापासून बाहेर दोर सुटत नाही. कॉलरला माझा नंबर असलेला बिल्ला आहे, मायक्रोचिप बसवली, पालिकेचं लायसन्सही राहिलं होतं ते काढलं.

पण घरातला मोठा बदल माझ्यामुळे नाही झाला, आईमुळे झाला. त्याचं असं की मी नोकरीला, बायको नोकरीला, मुलगी शाळेत, दुपारभर घरात आई आणि बंड्या. आणि रिकामा बीगल म्हणजे तुम्हाला सांगतो, त्याने आमचे तीन टीव्ही रिमोट, एक चष्मा, देव्हाऱ्यातली कापसाची वस्त्रं आणि कुकरमधला गाजराचा हलवा झाकणासकट (झाकण खाल्लं नाही, पण कॉटखाली नेलं) असं बरंच काही फस्त केलं होतं. बाजारात ते खाऊ लपवायचे मॅट मिळतात, कापडाच्या झालरी असलेले, मी मागवणार होतो, आईने मोबाईलवर किंमत बघितली आणि म्हणाली, "ह्याला एवढे पैसे? ही तर चिंध्यांची पायपुसणी." आणि तिने खरंच बाथरूममधली भोकाभोकांची रबरी मॅट घेऊन त्यात जुन्या बनियनच्या, ब्लाऊजपीसच्या, माझ्या फाटक्या कुर्त्याच्या चिंध्या गाठी मारून मारून असं दाट जंगल केलं की बोट घालून दाणा काढायचा तर आपल्याला दहा मिनिटं लागतील. त्यात ती त्याच्या दुपारच्या जेवणाचे दाणे आणि मूठभर चुरमुरे पेरते. बंड्या अर्धा तास त्यात नाक खुपसून. आणि मग झोपतो, असा झोपतो की कुकरच्या शिट्टीनेही उठत नाही. एक तास पळवून जो दमत नव्हता तो अर्ध्या तासाच्या हुंगण्याने आडवा होतो.

नंतर आईने यात एवढं डोकं लावलं की काय सांगू. तीन वाट्या पालथ्या, एकीखाली शेंगदाणा. मग पाच वाट्या. मग स्वयंपाकघरातून डबे. मग शेंगदाणा नाही तर लवंगेचा कापूस लपवायचा आणि तो सापडला की शेंगदाणा हातातून द्यायचा, म्हणजे वास वेगळा आणि बक्षीस वेगळं, हे तिने कुठेही न वाचता केलं आणि मला नंतर कळलं की खऱ्या शोध घेणाऱ्या कुत्र्यांना शिकवायची हीच पद्धत आहे. मी विचारलं आई तुला कसं सुचलं, तर म्हणाली, "तू लहान असताना अभ्यासाला बसायचा नाहीस तेव्हा काय करत होते मी?"

माझी आत्या न्यू जर्सीला असते. मागे ती इथून जाताना पर्समधे दोन हापूस घेऊन गेली, न्यूअर्कच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभी होती तर एक जॅकेट घातलेला बीगल आला आणि तिच्या पायाशी शांत बसला. भुंकला नाही, पंजा मारला नाही, नुसता बसला आणि बघत राहिला. आत्या "किती गोड!" म्हणून त्याला हात लावायला वाकली. आंबे गेले. अमेरिकेच्या शेती खात्याने १९८४ मधे लॉस एंजेलिसच्या विमानतळावर हे सुरू केलं, बीगलच घेतले कारण नाक तगडं आणि तोंड बघून प्रवासी घाबरत नाहीत. सुरुवातीला त्यांना पाच वास शिकवतात, सफरचंद, लिंबू-संत्र्याच्या जातीचं काही, आंबा, बीफ आणि पोर्क. आंबा बघा पहिल्या पाचात! आमच्या बंड्याला कुणी शिकवला नाही तरी त्याचा विषय तोच आहे. मे महिन्यात कॉटखाली आढी लावलेली असते गवतात, तो रोज जाऊन हुंगून येतो, काही करत नाही, आणि ज्या दिवशी पहिला आंबा तयार होतो त्या दिवशी कॉटपाशी जाऊन बसून राहतो. आई आता आंबे दाबून बघतच नाही.

फक्त कोय. आंब्याची कोय कुत्र्याच्या हाती लागू देऊ नका, गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशन करावं लागतं. आमच्याकडे कचऱ्याच्या डब्यातून त्याने एक पळवली होती, मुलीने बघितलं म्हणून वाचलो. डबा तेव्हापासून ओट्याखाली कडीच्या कपाटात. आणि मनुका-बेदाणे, द्राक्षं अजिबात नाही, किडनीवर जातात, म्हणजे आपला प्रसादाचा शिरापण गेला. कांदा, लसूण, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगम नाही. आपल्या घरात कांदा नाही असा पदार्थ शोधायचा म्हणजे चातुर्मासच पाळायचा.

खाण्याचं आलंच आहे तर वजनाचं सांगतो, कारण आमच्यासारख्या घरात बीगल आजारी पडायचं पहिलं कारण प्रेम. बंड्या मूळचा अकरा किलोचा. अडीच वर्षांचा असताना डॉक्टरांनी काट्यावर ठेवला, साडेपंधरा. डॉक्टर म्हणाले काय खातो, आम्ही म्हणालो काहीच नाही हो, दोन वेळचं. घरी येऊन हिशोब मांडला तर मी सकाळी चहाबरोबर एक बिस्किट, बायको डबा भरताना पोळीचा तुकडा, मुलगी शाळेतून आल्यावर स्वतःचं जे असेल त्यातलं अर्धं, आणि आई तर विचारूच नका. प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच देतोय. एका पोळीच्या साधारण शंभर कॅलरी धरा, या आकाराच्या कुत्र्याला दिवसभराला साडेसहाशेच्या आसपास पुरतात, म्हणजे त्याला एक पोळी म्हणजे आपल्याला तीन. आता सकाळी सातला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचं दिवसाचं खाणं मोजून एका डब्यात भरतो. कुणालाही काहीही द्यायचंय, त्या डब्यातून. डबा संपला की दिवस संपला. आठ महिने लागले बारावर यायला. बरगड्या दिसायला नकोत पण हात फिरवला तर लागल्या पाहिजेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भूक मात्र कधी संपत नाही, त्यामुळे उलटी खूण लक्षात ठेवा, बीगलने जेवण नाकारलं तर वाट बघू नका. तो दोन वर्षांचा असताना एका सकाळी दाण्यांकडे बघून तोंड फिरवून झोपला. बायको म्हणाली पोट बिघडलं असेल, उद्या बघू. आई म्हणाली, "हा आणि उद्या? आत्ताच्या आत्ता ने." रक्त तपासलं तर गोचीड ताप, प्लेटलेट्स घसरलेल्या, नंतर चार आठवडे गोळ्या. पुण्यात पावसाळा आणि त्यानंतरचे दिवस म्हणजे गोचीडांचा सीझन, रोज फिरून आलो की कानाच्या आत, कानाच्या घडीत, पायाच्या बोटांमधे, शेपटीखाली बोट फिरवून बघायचं. महिन्याचं औषध चालू असलं तरी बघायचंच.

कानाचं वेगळं सांगायला हवं. लोंबते कान म्हणजे बंद खोली, हवा जात नाही, ओल राहिली की आत बुरशी. दर रविवारी मी कान उलटून आधी वास घेतो, हो, मी त्याच्या कानाचा वास घेतो, शिळ्या पावासारखा आंबूस वास आला की डॉक्टर. नाहीतर डॉक्टरांनी दिलेलं क्लीनर घालायचं, कानाच्या बुडाशी हलकं चोळायचं, तो डोकं झटकतो, सगळं माझ्या तोंडावर येतं, वर आलेलं कापसाने पुसायचं. कानकोरणं, काडीला लावलेला कापूस आत घालायचा नाही, मळ आणखी खाली ढकलला जातो. कान खाली लोंबताना वास गोळा करून नाकापाशी आणतात असं म्हणतात, ते खरं असेल नसेल, वरण नक्की गोळा करतात.

आवाजाबद्दल सोसायटीत दोनदा पत्र आलं. भुंकण्याबद्दल नाही, गळा काढण्याबद्दल. कळपातला कुत्रा आहे, एकटा राहिला की हाक मारतो. आई आठ दिवस मावशीकडे गेली होती तेव्हा त्याने दुपारी दोन ते पाच असा रियाज केला. आम्ही मग एक मिनिट बाहेर, दोन मिनिटं बाहेर, पाच मिनिटं बाहेर असं जिन्यात बसून बसून सवय केली, जाताना चिंध्यांचं पायपुसणं भरून ठेवायचं, निरोपाचा सोहळा करायचा नाही. आता तीन तास राहतो. त्याहून जास्त आम्ही ठेवतच नाही. गणपतीत आरतीला मात्र कुणी तक्रार करत नाही, शेजारचे आजोबा शंख फुंकतात आणि बंड्या सूर लावतो.

म्हणून मला कुणी विचारलं बीगल घेऊ का, तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो की दुपारी घरी कोण असतं. मागच्या वर्षी बी विंगमधल्या एका जोडप्याने विचारलं, दोघंही हिंजवडीला, सकाळी आठला बाहेर, रात्री आठला घरी. मी म्हणलं नका घेऊ, दुसरी कुठली जात बघा, किंवा थोडे दिवस थांबा. त्यांना राग आला असावा, महिनाभर लिफ्टमधे नुसतं हसायचे. दिवाळीनंतर एक दिवस बेल वाजली, दारात ते दोघं, हातात चार महिन्यांचं बीगल, चेहरे झोप न झालेले. "काकू आहेत का?" माझ्याकडे नव्हतंच काही काम.

त्यांची बीगल आता रोज सकाळी आठला आमच्याकडे येते, डबा घेऊन. डब्यावर वजन लिहिलेलं असतं, ही आईची अट. माझा उरलेला एक बरा कुर्ता परवापासून सापडत नाहीये, आणि आईने बाथरूमसाठी नवीन रबरी मॅट आणायला सांगितली आहे, म्हणाली, "आहे ती घेतलीये मी."